हातातला ई-रीडर आपलासा कसा करायचा?

या वेळी ई-रीडरबद्दल, म्हणजे पुस्तकं वाचण्यासाठीच केलेल्या यंत्राबद्दल, इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. बऱ्याच जणांचं विचारणं एकसारखंच होतं म्हणून काही प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे उत्तर लांबलंय, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: वाढदिवसाला मुलांनी ई-रीडर दिला. मला वाचनाची प्रचंड आवड, पण हे यंत्र काही जवळचं वाटत नाही. चार पानं झाली की कंटाळा येतो आणि मी परत कागदाचं पुस्तक हातात घेते. सवय व्हायला वेळ लागतो का, की माझा पिंडच तो नाही?

ताई, पिंडाचा काही संबंध नाही. तुमच्या पत्रावरून वाटतंय की डब्यातून काढलं तेव्हा जसं होतं तसंच अजून वापरताय. कंपनी सेटिंग करून पाठवते ती कुणालाच फार त्रास होऊ नये अशी, त्यामुळे ती कुणाच्याच डोळ्यांना नेमकी बसत नाही. छापील पुस्तकात अक्षर, ओळींमधलं अंतर, समास हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, इथे ते काम आपल्याकडे आलंय. आणि खरं सांगते, स्टिकर कव्हर वगैरे सगळं नंतर, ई-रीडर आपला होतो तो पानापासून.

असं करा. तुम्ही आधी वाचलेलं, अगदी पाठ असलेलं एखादं पुस्तक उघडा. नवीन पुस्तकात गोष्ट पुढे ओढत नेते त्यामुळे डोळ्यांना काय खुपतंय ते कळतच नाही, ओळखीच्या पानावर लगेच कळतं. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन पानं वाचून बघा. अक्षर मोठं करायचा मोह सगळ्यात आधी होतो, पण त्याआधी अक्षर जाड करून बघा. ई-रीडरचा ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा, पडदा छापील कागदाइतका पांढरा नसतो, किंचित राखाडी असतो, त्यावर बारीक रेघेचं अक्षर फिकं वाटतं आणि आपल्याला वाटतं अक्षर लहान आहे. ॲमेझॉनचा किंडल आणि कोबो या दोन्ही रीडरवर अक्षराचा जाडपणा कमीजास्त करता येतो, तो एक-दोन घरं पुढे सरकवला की पुष्कळदा आकार वाढवावाच लागत नाही, आणि पानावर मजकूरही जास्त मावतो.

दुसरं म्हणजे ओळी दोन्ही कडांना जुळवलेल्या असतील तर ती सेटिंग काढून फक्त डावीकडून सुरू होणारी करा. ६ इंचाच्या पडद्यावर एका ओळीत मोजकेच शब्द बसतात, ते ताणून दोन्ही कडांना नेले की मधे मोठमोठ्या फटी पडतात आणि वाचताना नजर त्या फटींत अडकते. उजवी कड वरखाली झालेली दिसायला थोडी विस्कळीत वाटेल पण अर्ध्या तासात विसरायला होतं. समास मात्र अगदी कमी करू नका, अंगठा ठेवायला जागा हवी, नाहीतर तो अक्षरांवर येतो आणि चुकून पान उलटतं.

मग तळाशी दिसणारे आकडे. किती टक्के झालं, धडा संपायला किती मिनिटं राहिली. काहींना ते आवडतं, माझं मत विचाराल तर बंद करा. वाचताना सारखं लक्ष तिकडे जातं आणि पुस्तक संपवायची घाई होते. किंडलवर तळाच्या कोपऱ्यात टॅप करत गेलात की पर्याय बदलतात आणि एक पर्याय काहीच न दाखवण्याचाही असतो. होम स्क्रीनवर पुस्तकं सुचवणाऱ्या जाहिरातवजा रांगा असतात, त्याही सेटिंगमधून बऱ्यापैकी कमी करता येतात. उघडलं की आपलं पुस्तक समोर आलं पाहिजे, दुसऱ्या कुणी सुचवलेलं नाही.

हे सगळं जमलं की ती मांडणी नाव देऊन साठवून ठेवा. किंडलवर याला थीम म्हणतात आणि एकाहून जास्त थीम करता येतात. दिवसासाठी एक आणि रात्री डोळे दमलेले असताना मोठ्या अक्षराची दुसरी, एवढ्या पुरतात. आणि मग सेटिंगला हात लावू नका. रोज फॉन्ट बदलत बसणारे खूप लोक मी बघते, त्यांचं वाचन तिथेच अडतं.

प्रश्न: इंग्रजी पुस्तकं छान दिसतात पण मराठी पुस्तकं उघडली की मन खट्टू होतं. श आणि ल हिंदी वळणाचे दिसतात, ओळी एकमेकींवर चढतात, काही फाइल्समध्ये तर अक्षरांच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. काही उपाय आहे का?

आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार कारण मराठी वाचणारे बरेच जण इथेच हात टेकतात. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं २०१६ साली आली आणि तेव्हापासून परिस्थिती खूप सुधारलीय, तरी थोडी मेहनत आपल्याला करावी लागतेच.

ओळी चढण्याचं आधी बघू. रोमन लिपीपेक्षा आपल्या लिपीला उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षरं खाली उतरतात ती वेगळीच. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरच्या ओळीतल्या 'कृ'चं शेपूट खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या डोक्याला लागतं. त्यामुळे मराठीसाठी वेगळी थीम करा, ओळींमधलं अंतर एक घर जास्त आणि अक्षर थोडं मोठं.

आता फॉन्ट. किंडल किंवा कोबो केबलने कॉम्प्युटरला जोडलं की पेन ड्राइव्हसारखं उघडतं (काही मॅकवर त्यासाठी एक छोटं सॉफ्टवेअर लागतं). किंडलमध्ये इंग्रजीत फॉन्ट्स नावाचा फोल्डर तयारच असतो, कोबोवर तो आपण बनवायचा. त्यात टीटीएफ किंवा ओटीएफ प्रकारची फॉन्टची फाइल टाकली की फॉन्टच्या यादीत नाव येतं. मराठीसाठी मोफत आणि चांगले फॉन्ट बरेच आहेत. तिरो देवनागरी मराठी हा तर मराठी वळण डोळ्यांसमोर ठेवूनच केलाय, छापील पुस्तकाची आठवण येते इतका देखणा आहे, फक्त त्यात जाड प्रकार वेगळा नाही त्यामुळे ई-इंकवर किंचित नाजूक वाटू शकतो. आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, जोडाक्षरं फार सुंदर करतो, संस्कृत उद्धरणं असलेल्या पुस्तकाला मी तोच लावते. सरळसाधा हवा असेल तर मुक्ता, त्यात सात जाड्या मिळतात, आणि दमलेल्या डोळ्यांना मला तो सगळ्यात मानवतो.

निवडायच्या आधी एक छोटी चाचणी फाइल करा. त्यात लिहा: शर्यत, लाल, वाऱ्यावर, कुऱ्हाड, लक्ष्मी, श्रद्धा, कृष्ण, उद्ध्वस्त. श आणि ल चं वळण पहिल्या दोन शब्दांत कळेल. 'वाऱ्यावर' मध्ये य च्या डाव्या अंगाला तो छोटा आडवा र दिसला पाहिजे. तिथे डोक्यावर रफार दिसला किंवा नुक्त्याचं टिंब खाली लोंबत राहिलं तर फॉन्ट कितीही देखणा असो, सोडून द्या, कारण मराठीत हे अक्षर पानोपानी येतं आणि दर वेळी टोचतं.

कधीकधी फॉन्ट टाकूनही मराठी पुस्तकाला तो लागत नाही. तेव्हा कॅलिबर वापरायचं. हे ई-पुस्तकं लावून ठेवायचं आणि त्यांचं रूपांतर करायचं, कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि ई-रीडर वापरणाऱ्या प्रत्येकाकडे असावंच असं मला वाटतं. त्यात पुस्तकाचं ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) टाकायचं, रूपांतर करताना लुक अँड फील या भागात फॉन्ट पुस्तकातच बसवायचा पर्याय असतो, तिथे आपला मराठी फॉन्ट निवडायचा आणि ईपबचंच परत ईपब करायचं. मग रीडरवर प्रकाशकाचा मूळ फॉन्ट असा जो पर्याय दिसतो तो निवडला की झालं. हे कुलूप (कॉपी करता येऊ नये म्हणून लावतात ते) न लावलेल्या फाइल्सवरच चालतं, दुकानातल्या कुलूपबंद पुस्तकांवर नाही. रूपांतर करताना पुस्तकाची भाषा मराठी आहे ना तेही बघून घ्या, इंग्रजी राहिली असेल तर शब्दकोशही इंग्रजी उघडतो.

राहिला तो काला. त्या फाइल्स युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातल्या आहेत. त्यात मराठी अक्षरं खरी मराठी म्हणून साठवलेलीच नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवली होती, तो ठरावीक फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. नवा फॉन्ट टाकून उपयोग नाही. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर एकदा नजरेखालून घालावा लागतो, कारण रफार आणि वेलांट्या हमखास इकडेतिकडे होतात. जुनी, हक्कमुक्त मराठी पुस्तकं हवी असतील तर मराठी विकिस्रोतावर बघा, तिथला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि थेट ईपब उतरवून घेता येतं.

प्रश्न: स्कॅन केलेल्या पीडीएफ ई-रीडरवर वाचवत नाहीत, अक्षर मुंगीएवढं दिसतं.

पीडीएफचं पान ठरलेल्या आकाराचं असतं, अक्षर मोठं केलं तरी ओळी नव्याने जुळत नाहीत. रीडर आडवा धरा, समास कापता येत असतील तर कापा, अर्धं अर्धं पान करत वाचा. कोबो आणि पॉकेटबुक या कंपन्यांच्या रीडरवर कोरीडर नावाचं मोफत ॲप बसवता येतं, ते पीडीएफच्या बाबतीत फार गुणी आहे. आणि नियमितपणे पीडीएफच वाचायच्या असतील तर १० इंचाच्या आसपासचा पडदाच बघा, ६ इंचावर झगडण्यात अर्थ नाही.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीचा रीडर झोपलेला, म्हणजे वापरात नसला, की त्यावर ती वाचत असलेल्या पुस्तकाचं कव्हर दिसतं. माझ्यावर मात्र कंपनीचीच चित्रं येतात. मला माझ्या आवडीचं चित्र कायम ठेवता येईल का? त्याने बॅटरी जाते का?

बॅटरीची काळजी सोडा. ई-इंकच्या पडद्यात अगदी सूक्ष्म कुप्या असतात, त्यात पांढरे आणि काळे कण, दोघांवर उलट विद्युतभार. वीज दिली की एका रंगाचे वर येतात आणि दुसरे खाली जातात, आणि एकदा जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी तिथेच राहतात. म्हणजे वीज लागते ती फक्त चित्र बदलताना. म्हणूनच झोपलेल्या रीडरवर आठवडाभर चित्र राहिलं तरी फरक पडत नाही. ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधली, १९९७ मध्ये त्यातून ई इंक ही कंपनी निघाली, आज बहुतेक सगळ्या ब्रँडच्या रीडरमध्ये पडदा त्यांचाच असतो.

किंडलवर सेटिंगमध्ये डिव्हाइस ऑप्शन्सखाली डिस्प्ले कव्हर असा पर्याय आहे, २०२१ पासून आला, तो सुरू केलात की चालू पुस्तकाचं कव्हर दिसेल. दिसतच नसेल तर तुमचं मॉडेल जाहिरातींवालं असेल, ते आधी पैसे भरून जाहिरातमुक्त करावं लागतं. कोबोवरही कव्हर पूर्ण पडदाभर दाखवायची सेटिंग असते. स्वतःचं वेगळं चित्र कोबो आणि पॉकेटबुकवर ठेवता येतं, किंडलवर मात्र सरळ मार्गाने नाही. जेलब्रेक करून, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं तोडून, करतात लोक, पण त्यात अपडेट आणि वॉरंटीचा घोळ होतो, एका चित्रासाठी मी तरी ते सुचवणार नाही.

त्यापेक्षा एक सोपी गोष्ट, आणि मला ती फार आवडते. कॅलिबरमध्ये पुस्तकाचं कव्हर बदलता येतं. आपण स्वतः टाकलेल्या पुस्तकांना, विशेषतः ज्यांना धड कव्हरच नसतं अशा जुन्या हक्कमुक्त पुस्तकांना, आपल्या हाताने कव्हर करा. मुलांनी काढलेलं चित्र, आपण काढलेला फोटो, काहीही. डिस्प्ले कव्हर सुरू असलं की तेच चित्र पडद्यावर, म्हणजे दोन्ही कामं झाली. (ईमेलने किंवा सेंड टू किंडल या ॲमेझॉनच्या सोयीने पाठवलेल्या पुस्तकांची कव्हरं सहसा नीट येतात, केबलने टाकलेल्यांची कधीकधी गायब होतात, मग परत टाकावी लागतात.)

चित्र कसं निवडायचं तेही सांगते कारण इथे बऱ्याच जणांची निराशा होते. काळ्या-पांढऱ्या ई-इंकला फक्त १६ छटा येतात. संध्याकाळच्या उजेडातला सुंदर फोटो तिथे नुसता करडा चिखल दिसतो. रेघांची चित्रं, जुनी लाकडी ठशांची चित्रं, रांगोळीसारखी नक्षी, ठळक अक्षरलेखन, हे सगळं मात्र असं उठून दिसतं की छापलंय असं वाटावं. फोटोच हवा असेल तर आधी काळापांढरा करा, कॉन्ट्रास्ट चांगला वाढवा, आणि आकार पडद्याइतकाच ठेवा. ६ इंची ३०० पीपीआयच्या (म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या) पडद्याला तो १०७२ बाय १४४८ पिक्सेल लागतो. रंगीत मॉडेल असेल तर रंग मिळतात पण ३०० पीपीआय फक्त काळ्या मजकुराला, रंगीत भाग १५० वर येतो, आणि वर रंगाचा थर असल्यामुळे पडदा थोडा काळपट वाटतो. कव्हरं आणि कॉमिक्स जीव की प्राण असतील तर घ्या, नुसता मजकूर वाचत असाल तर काळापांढराच जास्त स्वच्छ दिसतो.

प्रश्न: मला रीडरच्या मागे स्टिकर लावायचेत पण आई म्हणते खराब होईल. कोण बरोबर?

लाव बिनधास्त, मागच्या बाजूने पडद्याला काही होत नाही. चार्जिंगची जागा आणि बटण मोकळं ठेव, पुढच्या कडेवर मात्र काही लावू नकोस कारण काही मॉडेल्समध्ये उजेड ओळखणारा सेन्सर तिथे असतो आणि काहींमध्ये स्पर्शही कडेवरूनच ओळखला जातो. आईचं एक बरोबर आहे, रबरासारखी पाठ असेल तर स्टिकर काढताना चिकट डाग राहतो. त्यावर उपाय म्हणजे पारदर्शक केस घ्यायची आणि तिच्या आतल्या बाजूला कागद सरकवायचा. पुस्तकाच्या पानाची नक्कल, वाळवलेलं पान, तिकीट, काय हवं ते, आणि कंटाळा आला की बदलायचं. चुंबकाची रिंग वगैरे लावणार असशील तर जपून, झाकण उघडलं-मिटलं हे रीडरला चुंबकावरूनच कळतं, भलत्या जागी चुंबक आला की वाचता वाचता झोपी जातो.

आणि केस निवडताना आधी हातात धरून बघ. रीडर साधारण २०० ग्रॅमचा असतो, जाड केसने वजन जवळजवळ दीडपट होतं, आडवं पडून वाचताना ते मनगटाला जाणवतं.

प्रश्न: माझ्या रीडरमध्ये ८०० च्या वर पुस्तकं झालीत. उघडलं की कुठलं वाचू हेच कळत नाही, दहा मिनिटं याद्या चाळतो आणि बंद करतो. पूर्वी असं होत नव्हतं.

दादा, ८०० पुस्तकं रीडरमध्ये नकोतच. मावतात म्हणून ठेवायची असं नाही. कॅलिबर हे घरचं कपाट समजा आणि रीडर ही खांद्यावरची पिशवी. सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर कॅलिबरमध्ये नीट लावून ठेवा, लेखकाचं नाव एकाच पद्धतीने, मालिकेतली असतील तर क्रमांक घालून, आणि रीडरवर फक्त पंधरा-वीस असू द्या. दुकानातून घेतलेली रीडरमधून काढली तरी खात्यावर राहतात, परत उतरवता येतात.

रीडरवर उरलेल्यांचे कलेक्शन म्हणजे गट करा पण कथा, कादंबरी, चरित्र असे ग्रंथालयाचे विभाग करू नका, त्याचा घरी काही उपयोग होत नाही. आपण पुस्तक निवडतो ते त्या वेळच्या मनःस्थितीप्रमाणे. 'दमलोय तेव्हा', 'सुट्टीत निवांत', 'थोडं थोडं रोज', 'कुणीतरी आग्रहाने सुचवलेलं' अशी नावं देऊन बघा, हात आपोआप बरोबर ठिकाणी जातो. 'थोडं थोडं रोज'मध्ये कविता आणि छोटे लेख ठेवा, त्यांना टक्केवारी लावून संपवायचं नसतं. नवीन पुस्तकाबद्दल खात्री नसेल तर आधी नमुना प्रकरण उतरवा, तेवढं वाचून पुढचं वाचावंसं वाटलं तरच पूर्ण पुस्तक घ्या. माझी निम्मी अर्धी खरेदी याने थांबते आणि जी होते ती वाचली जाते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगायचीय. दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक हे बहुतेक वेळा वाचायचा परवाना असतो, मालकी नसते. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून दूरवरूनच काढून टाकली होती, नंतर माफीही मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोयही त्यांनी बंद केली. म्हणून जे पुस्तक आयुष्यभर हवंय ते जमेल तिथे कुलूप नसलेल्या स्वरूपात, म्हणजे काही प्रकाशक थेट ईपब विकतात त्यांच्याकडून घ्या आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नाहीतर सरळ कागदावर घ्या. प्रेमाचं पुस्तक दोन्ही रूपांत घरात असणं यात उधळपट्टी काही नाही.

प्रश्न: मी पुस्तकात पेन्सिलने रेघा मारणारी, समासात लिहिणारी बाई. रीडरवर हायलाइट करते पण नंतर ते कुठे जातात कळत नाही, परत कधी बघितलेच जात नाहीत.

ते हरवत नाहीत, त्यांच्याकडे परत जायची वाट आपण बनवलेली नसते. किंडलमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये माय क्लिपिंग्ज नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, प्रत्येक खूण तिथे पुस्तकाचं नाव, जागा आणि तारीखवेळेसकट उतरत जाते. गंमत म्हणजे पुस्तकातली खूण पुसली तरी त्या फाइलमधली नोंद राहते. ती फाइल अधूनमधून कॉपी करून ठेवा, रीडर बिघडला तरी तुमच्या खुणा तुमच्याकडे राहतील. दुकानातून घेतलेल्या पुस्तकांच्या खुणा खात्यावरही दिसतात, पण काही प्रकाशक किती मजकूर बाहेर काढता येईल यावर मर्यादा घालतात.

पण खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. पेन्सिलने रेघ मारायला किंचित कष्ट होते म्हणून आपण निवडून मारायचो, इथे बोट फिरवलं की झालं, मग पानच्या पान पिवळं, किंवा करडं म्हणू या. म्हणून प्रत्येक हायलाइटला एक-दोन शब्दांची नोट जोडायची सवय लावून बघा. 'आजीचं बोलणं', 'हे पटलं नाही', 'वहीत उतरव' असं काहीही. कीबोर्ड हळू चालतो आणि ते इथे बरंच आहे, जे वाक्य तेवढ्या कष्टाचं वाटत नाही ते आपोआप सुटतं. पुस्तक संपलं की लगेच नवीन न उघडता त्याच्या सगळ्या नोंदी एकदा सलग वाचा आणि त्यातल्या सगळ्यात आवडलेल्या चारपाच हाताने वहीत उतरवा. अशा वह्या पुढे मूळ पुस्तकाइतक्याच वाचाव्याशा वाटतात.

समासात मनसोक्त लिहायचंच असेल तर पेनवाले रीडर आलेत, कोबोचा एलिप्सा २०२१ मध्ये आणि किंडल स्क्राइब २०२२ मध्ये. मोठे आहेत, जड आहेत, टेबलाशी बसून अभ्यासाचं वाचणाऱ्याला फार उपयोगी. झोपताना कादंबरी वाचणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न: पान उलटल्यावर आधीच्या पानाची पुसट अक्षरं मागे दिसतात. पडदा गेला का?

नाही गेला. कण पूर्ण जागेवर न आल्याने होतं ते. सेटिंगमध्ये प्रत्येक पानाला पडदा ताजा करायचा पर्याय असतो तो सुरू करा, पान उलटताना एकदा काळं लुकलुकेल आणि अक्षरं स्वच्छ येतील. बॅटरी थोडी जास्त लागते, एवढंच.

प्रश्न: बाबा ७६ वर्षांचे आहेत. आयुष्यभर वाचत आले, आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर वाचवत नाही आणि हात थरथरतात म्हणून जाड पुस्तक धरवत नाही. त्यांना ई-रीडर द्यावा का? टच स्क्रीनची त्यांना धास्ती वाटते.

नक्की द्या, पण बटणं असलेला द्या. पान उलटायची खरीखुरी बटणं असलेली मॉडेल्स कोबो आणि पॉकेटबुककडे आहेत. थरथरत्या हाताला टच स्क्रीन म्हणजे शिक्षा असते, बोट टेकलं की दोन पानं पुढे, सरकलं की मेन्यू उघडतो, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. बटणावर अंगठा ठेवून बसता येतं. काही कोबो मॉडेल्सना ब्लूटूथचा छोटा रिमोटही जोडता येतो, मग रीडर स्टँडवर उभा आणि रिमोट हातात, धरायचा प्रश्नच उरत नाही. आकार ७ इंच किंवा त्याहून मोठा बघा, अक्षर मोठं केल्यावर ओळीत चारपाच शब्द तरी यायला हवेत, नाहीतर वाचनाची लय सारखी तुटते.

त्यांच्या हातात द्यायच्या आधी सगळी तयारी तुम्ही करा, पण अक्षराचा आकार मात्र त्यांना शेजारी बसवून ठरवा. आपल्याला वाटतं त्याहून मोठा आणि जाड लागतो. दिव्याचंही तसंच. रीडरचा उजेड मोबाइलसारखा मागून डोळ्यांवर येत नाही, कडेने पडद्यावर पसरतो, तरी ऑपरेशननंतर काहींना पांढरा उजेड झोंबतो, त्यांना पिवळसर छटा बरी वाटते. दिवसा खिडकीपाशी बसत असतील तर दिवा पूर्ण बंद ठेवूनही वाचता येतं, तेही त्यांना दाखवा.

वायफाय बंद करून ठेवा म्हणजे अपडेट आणि सूचना मधेच येणार नाहीत. होम स्क्रीनवर चारच पुस्तकं ठेवा आणि त्यातलं पहिलं असं असू द्या जे त्यांनी तरुणपणी वाचलंय आणि ज्याच्याबद्दल ते अजून बोलतात. यंत्र नवीन आणि पुस्तकही नवीन असं दोन्ही एकदम नको. पहिल्या आठवड्यात फक्त उघडणं, पुढचं पान आणि मिटणं एवढंच शिकवा, शब्दकोश, खुणा, शोधा हे सगळं त्यांनी विचारलं तर. पुस्तक संपत आलं की पुढची पुस्तकं तुम्ही टाकून द्या, कुठली हवीत ते आधी त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, स्वतः निवडलेलं असलं की माणूस वाट बघतो. आणि कुठलं मॉडेल घेताय ते कळवा, बटणांची दिशा उलटी करायची असेल किंवा मराठी फॉन्ट बसत नसेल तर पुढच्या अंकात त्याच मॉडेलबद्दल लिहीन.